कोटातली माया

आमची टिकली आठ तासांवरून सहा तासांवर येणार होती, आणि त्या आनंदात मास्तरांनी कोट शिवायला घेतला.

मास्तर म्हणजे आमचे हे. शिंप्याच्या दुकानात कापणाऱ्याला सगळेच मास्तर म्हणतात. लग्न होऊन आले तेव्हा मीही तसंच म्हणायला लागले आणि ते जिभेवर बसलं ते बसलंच. ते कापतात आणि मशीन चालवतात. काज, बटणं, हेम आणि गिऱ्हाइकांशी भांडण ही खाती माझ्याकडे. टिकली ही आमची एकुलती एक लेक. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून टिकली. आता ऑफिसात तिच्या हाताखाली वीस माणसं असतील, पण आमच्याकडे ती टिकलीच.

लग्नानंतर ती आणि जावई ज्या शहरात राहायला गेले, ते विमानाने आठ तासांवर. आता दोघांची बदली एका थंड शहरात झाली होती आणि ते होतं सहा तासांवर. हे सगळे आकडे आम्हाला शेजारच्या तिकीटवाल्याने दिले. त्याचं दुकान आमच्या दुकानाला भिंतीला भिंत लावून आहे. मास्तर रोज चहाचा कप घेऊन त्याच्याकडे जायचे आणि म्हणायचे, “परत एकदा बघ रे.”

“मास्तर, काल सहा तास होते, आजही सहाच आहेत. विमानतळ काय रात्रीतून सरकतो?”

“पण हे सहा तास कुठून कुठवर?”

“विमानतळापासून विमानतळापर्यंत.”

“म्हणजे खांद्यापासून मनगटापर्यंत. बाकीचं अंग कोण मोजणार? घरातून निघायचं, रांगेत उभं राहायचं, तिकडं उतरून तिच्या दारापर्यंत जायचं. तुमच्या आकड्यात माया धरलेलीच नाही.”

माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेला जास्तीचा कपडा. बाहेरून दिसत नाही, पण पुढेमागे माणूस जाड झालं तर शिवण उसवून तेवढा कपडा सोडता येतो. सगळेच शिंपी माया ठेवतात, पण आमच्या मास्तरांचा हात त्या बाबतीत जरा सैलच. आणि हे फक्त कापडाचं नाही. दाताच्या डॉक्टरकडे दहाला बोलावलं की हे नऊला दारात. कुणाच्या लग्नाला गेलो तर खुर्च्या मांडणारे आमच्या नंतर येतात. मी चिडले की म्हणतात, “माया धरलेली बरी असते गं.” या मायेपायी माझं निम्मं आयुष्य बंद दारांसमोर उभं राहण्यात गेलं आहे.

तिकीटवाल्याच्या पडद्यावर नकाशा होता आणि दोन विमानतळांना जोडणारी रेघ चांगली कमान टाकून गेली होती. मास्तरांना ते काही पटेना. “हा सरळ का जात नाही? उगाच फिरवून पैसे घेतो की काय?” तिकीटवाल्याने सांगितलं की पृथ्वी गोल आहे, ही रेघ नकाशावर वाकडी दिसते पण तीच सगळ्यांत जवळची वाट. मास्तरांनी मान वाकडी करून बराच वेळ पाहिलं. मग एकदम खूश झाले. “म्हणजे बाहीचा मुंढा! कागदावर कापताना कमान, आणि अंगावर चढवला की सरळ.” पुढचे दोन-तीन दिवस दुकानात जो येईल त्याला त्यांनी हे ऐकवलं. एक बिचारा फक्त चेन बदलायला आला होता.

एवढ्या चौकशा करणारा हा माणूस स्वतः मात्र कधी विमानात बसला नव्हता. वरच्या फळीवरचा तागा काढायला स्टुलावर चढायचं तरी मला हाक मारतात. टिकलीने किती वेळा तिकीट पाठवते म्हणून सांगितलं. दर वेळी मास्तरांना गिऱ्हाइकांचे सूट आठवायचे. खरं कारण स्टूल, हे मला ठाऊक होतं आणि तिलाही. मी एकटी जायला तयार होते, पण मग यांना कोण बघणार? ते घोडं तिथेच पेंड खात राहिलं.

आणि माझ्या मनात एक सल होता, तो सांगूनच टाकते. दोन वर्षांपूर्वी टिकलीचं पोट पडलं. आम्हाला ते कळलं महिन्याभराने, फोनवर, इकडच्या तिकडच्या गप्पांमध्ये, म्हणजे घरातला नळ दुरुस्त केला हे सांगावं तसं. मी रडायलाच लागले. तर म्हणते कशी, “अगं, तुम्ही आठ तासांवर. आधी सांगून नुसता तुमच्या जिवाला घोर.” त्या दिवसापासून आठ हा आकडा मला घड्याळातसुद्धा बघवेनासा झाला. लेक दुखण्यात होती आणि मी इथे कुणाच्या तरी सदऱ्याला बटणं लावत बसले होते.

तर बदली झाली. जावई घर लावायला आधीच पुढे गेले. टिकली मागून एकटी निघणार होती आणि तिला आमच्याच शहरात विमान बदलायचं होतं. मधे चार तास.

“एक रात्र तरी राहा,” मी म्हटलं.

“सोमवारी कामावर हजर व्हायचंय गं आई. तिकिटं ऑफिसनं काढलीत.”

“ऑफिसला आई नाही वाटतं?”

ती हसली. पण राहते म्हणाली नाही. तिकीटवाल्याने हिशोब मांडला: बाहेर यायला वेळ, सामान घ्यायला वेळ, परत आत जायला वेळ, आमच्या वाट्याला जेमतेम तासभर. त्या तासात मला तिला समोर बसवून एकच विचारायचं होतं की बाई, तू बरी आहेस का, खरं सांग. फोनवर ती ‘मी एकदम मस्त’च्या पलीकडे सरकत नव्हती. आणि ज्या पोरीने एवढी मोठी गोष्ट महिनाभर गिळली, तिच्या ‘मस्त’वर मी विश्वास कसा ठेवायचा?

मास्तरांना कोट द्यायचा होता. थंड गाव, पोरीला चांगला लोकरीचा कोट हवा. त्यांनी फोनवर माप विचारलं.

“जुनंच धरा, बाबा. तेच आहे.” मग थोडं थांबून ती म्हणाली, “पण थोडा सैल शिवा.”

मास्तरांनी फोन ठेवला आणि टेप गळ्यात तशीच ठेवून जरा वेळ मशीनच्या चाकावर हात फिरवत बसले. मग कापायला घेतलं. मी अस्तर लावायला बसले तेव्हा पाहिलं तर बाजूच्या दोन्ही शिवणींत भरपूर माया सोडलेली. नेहमीच्या दुप्पट-तिप्पट.

“अहो, ही माया आहे की दुसरा कोट? किती जाड लागतंय हाताला. महागाचं कापड असं आत कोंबून ठेवायचं?”

“राहू दे.”

“तिनं सैल सांगितलंय ना? मग सैलच शिवा की सरळ.”

“सैल शिवला तर बेढब दिसेल. कोट मापातच हवा. माया राहू दे.”

त्यांच्या नादाला कोण लागणार? मी अस्तर लावलं.

विमान दुपारी येणार होतं. आमचे मास्तर सकाळी चहा पिऊन लगेच कोट पिशवीत घालून दारात उभे. मी म्हटलं, इथून बसने तासाभराची वाट, आत्ता जाऊन काय विमानतळ झाडायचा आहे? तर म्हणाले, “माया.” मी पायात चपला सरकवल्या. भांडण्यात जितका वेळ जाईल तितका त्यांच्या मायेतूनच जाणार होता, मग उपयोग काय?

येणारे प्रवासी बाहेर पडतात त्या दारासमोर आम्ही खुर्च्या धरल्या. लोखंडी खुर्च्या, गार. समोर मोठा फलक होता, त्यावर गावांची नावं आणि वेळा वर सरकत होत्या. मास्तर आल्यागेल्याच्या खांद्यांकडे बघत होते. त्यांना माणसं दिसतच नाहीत, शिवण दिसते. “तो बघ, डावा खांदा उतरलाय. रेडिमेड घेतलाय.” मी तोंड फिरवून बसले होते. माझ्या डोक्यात तिला काय विचारायचं आणि कसं विचारायचं, याचीच जुळवाजुळव चालली होती. वाकड्यात शिरले तर ती गोगलगायीसारखी आत जाते, हे मला माहीत होतं.

तेवढ्यात मास्तरांनी मला कोपर मारलं. फलकावर टिकलीच्या विमानापुढची वेळ बदलली होती. मी घाबरले, उशीर झाला वाटतं. तर उलटंच. विमान लवकर उतरत होतं, चांगलं पाऊण तास आधी.

“असं कसं?” मी चौकशीच्या खिडकीतल्या मुलीला जाऊन विचारलं.

“वारा पाठीशी असला की लवकर येतं, मावशी,” ती म्हणाली. “शिवाय वेळापत्रकात कंपनी थोडा जास्तीचा वेळ धरूनच ठेवते.”

मी परत येऊन मास्तरांना हे सांगितलं. सांगायला नको होतं. त्यांच्या चेहऱ्यावर जे काही पसरलं ते बघवत नव्हतं. “म्हणजे विमानवालेसुद्धा माया ठेवतात,” ते म्हणाले आणि पिशवी मांडीवर घट्ट धरून ताठ बसले. मी कबूल करते, आम्ही माझ्या वेळेला निघालो असतो तर तेव्हा बसमध्येच असतो.

टिकली बाहेर आली. चेहरा जरा सुजलेला, केस कसेतरी बांधलेले, अंगावर ढगळ सदरा आणि त्यावरून मोठी ओढणी. आम्हाला बघून दोन क्षण तिथेच उभी राहिली; तिला वाटलं होतं आम्ही अजून यायचे असू. मग सामानाची गाडी सोडून धावत आली. मास्तरांच्या गळ्यात पडली. मला मिठी मारली ती बाजूने, खांद्याला खांदा लावून.

आम्ही कोपऱ्यातल्या बाकावर बसलो. मी केळी आणि पाव नेला होता. तिने दोन केळी एकामागून एक खाल्ली. मी सगळी जुळवाजुळव विसरले आणि एकदम म्हटलं, “बरी आहेस का गं?”

“मी एकदम मस्त.”

झालं. पुढे ती नव्या घराचं सांगत राहिली, किती खिडक्या आहेत, जावयांनी पडदे कसे उलटे लावले. मी हं हं करत होते आणि वेळ मुठीतल्या वाळूसारखा चालला होता. मास्तरांनी कोट बाहेर काढला.

“वा! बाबा! काय सुंदर झालाय. द्या, बॅगेत ठेवते.”

“आधी घाल.”

“तिथं गेल्यावर घालीन ना. इथं उकडतंय.”

“ट्रायल घेतल्याशिवाय आपल्या दुकानातला कपडा बाहेर जात नाही,” मास्तर म्हणाले. “तुला माहितीय.”

तिला माहीत होतं. लहानपणी शाळेला उशीर होत असला तरी तिला आरशासमोर उभं केलं जायचं. ती उठली. ओढणी काढून माझ्याकडे न बघताच दिली आणि कोटात हात घातले. खांदे असे बसले की जणू अंगावरच शिवलेत. बाही मनगटाला टेकली. मास्तरांनी वरचं बटण लावलं. दुसरंही लावलं आणि तिसऱ्यापाशी थांबले. काज आणि बटण यांच्यात चार बोटांचं अंतर राहिलं होतं.

टिकलीची हनुवटी थरथरायला लागली.

“पाचवा लागलाय,” ती म्हणाली. “सगळं ठीक आहे, आई. डॉक्टर म्हणालेत, सगळं ठीक आहे. मी तीन महिने झाल्यावर सांगणार होते. मग म्हटलं चार होऊ देत. मग इतका उशीर झाला की कसं सांगायचं तेच कळेना. मागच्या वेळेसारखं झालं असतं तर तुम्ही दोघं परत इकडं...”

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं, हे मला कळतं. पण मला राग आला, आणि रागाबरोबरच इतकं भरून आलं की दोन्हीतलं कुठलं आधी बाहेर काढावं ते समजेना. “किती गोष्टी पोटात ठेवशील गं बये!” मी ओरडलेच. पलीकडच्या बाकावरच्या बाईने मान वळवून पाहिलं. टिकली रडता रडता हसायला लागली, मग मी तिला जवळ घेतलं, या वेळी समोरून, आणि आमच्या दोघींच्या मधे ते तिसरं माणूस मला लागलं. केवढंसं, पण लागलं.

“काढ तो कोट,” मास्तर म्हणाले.

“असू दे बाबा, मी उघडाच घालीन.”

“काढ. किती वेळ आहे?”

तिने घड्याळ पाहिलं. लवकर उतरल्यामुळे अजून तासाभराहून थोडा जास्त वेळ होता. मास्तरांनी सदऱ्याच्या खिशातून छोटी कात्री काढली, कॉलरच्या आतल्या बाजूला टोचून ठेवलेल्या दोन सुया काढल्या, आणि पिशवीत तळाशी कोटाच्याच रंगाचं दोऱ्याचं रीळ होतं. सगळी तयारी. त्यांनी अस्तर उचकटलं आणि बाजूची शिवण उसवायला घेतली.

मी सुई हातात घेतली, पण डोळ्यांपुढे सगळं पाण्यासारखं हलत होतं. दोरा काही आत जाईना. टिकलीने माझ्या हातातून ती घेतली, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि एका फटक्यात ओवली. लहानपणी दुकानात बसून ती आम्हाला दिवसभराच्या सुया ओवून द्यायची. मग आणखी एक ओवली. उजवी बाजू मास्तरांनी घेतली, डावी मी, आणि कोट आमच्या दोघांच्या मांड्यांवर आडवा पसरला. टिकली मधे बसून माया सरळ धरत होती.

उसवताना मला एकदम काहीतरी सुचलं. “अहो,” मी म्हटलं, “तुम्हाला कळलं होतं.”

त्यांनी मान वर केली नाही.

“मास्तर, तुम्हाला माहीत होतं!”

“माहीत कसं असणार? मला कोण सांगतंय?” एक टाका घालून ते म्हणाले, “पण ही पोरगी सहावीत असल्यापासून मला म्हणतेय, बाबा अजून घट्ट, बाबा अजून आत घ्या. कमरेवरून माझ्याशी किती भांडलीय. आयुष्यात पहिल्यांदा म्हणाली, सैल शिवा.”

टिकलीने तोंडावर हात ठेवला.

“मग मला का नाही सांगितलंत?” माझा आवाज परत चढला.

“तिनं सांगितलं नव्हतं. मग मी कसं सांगू?” ते म्हणाले. “तिची गोष्ट आहे. तिच्या तोंडून यायला हवी.”

बाप-लेकीची ही अळीमिळी गुपचिळी, आणि मी मधे मायेवरून कटकट करत बसलेली! मला त्या क्षणी दोघांच्याही पाठीत एकेक धपाटा घालावासा वाटला. आणि या माणसाशी मी लग्न केलं हे फार बरं झालं, असंही वाटलं. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

आम्ही उलटी टीप घालत गेलो. लोकर जाड होती, बोटं दुखत होती. वर तिच्या विमानाची घोषणा एकदा झाली, मग दुसऱ्यांदा. माझी बाजू झाली. मास्तरांची झाली. अस्तर मात्र एका बाजूला सुटंच राहिलं. तीस-पस्तीस वर्षांत अर्धवट कपडा दुकानाबाहेर गेलेला मी पाहिला नव्हता. त्यांनी एकदा त्या लोंबणाऱ्या अस्तराकडे पाहिलं, एकदा फलकाकडे, आणि दात लावून दोरा तोडला.

टिकलीने कोट घातला. तिसरं बटण लागलं. चौथंही लागलं. तिने दोन्ही हात पोटावरून खाली फिरवले, मग खिशात घातले, मग आम्हाला मागून-पुढून वळून दाखवलं, पूर्वी आरशासमोर करायची तसंच.

“पण हे अजून वाढणार ना, बाबा,” ती म्हणाली. “मग काय करू?”

मास्तरांनी शिवणीवरून बोट फिरवलं. आत आता नेमकी टाक्यापुरती कड राहिली होती.

“आता कोटात माया उरली नाही,” ते म्हणाले. “आम्हालाच यावं लागेल.”

टिकली त्यांच्याकडे बघतच राहिली. मीही. स्टुलावर न चढणारा माणूस होता हा.

“बाबा, विमानानं?”

“मग काय चालत? डॉक्टरांनी तारीख कधीची दिलीय?”

तिने सांगितली.

“मग आम्ही त्याच्या महिनाभर आधी येतो. बाळं काही वेळापत्रक बघून येत नाहीत. अस्तर तेव्हा लावीन. तोवर सांभाळून घाल, पाय अडकेल.”

तिने त्यांचा हात घेतला आणि आपल्या कोटावर, नव्या शिवणीवर ठेवला. मास्तरांनी तो तिथेच ठेवला. मग घोषणा पुन्हा झाली आणि ती सामानाची गाडी ढकलत आत गेली. काचेपलीकडे रांगेत तिचं डोकं दिसत होतं तोवर आम्ही हात हलवत राहिलो.

परतीच्या बसमध्ये मास्तर खिडकीशी बसले. रिकामी पिशवी घडी घालून मांडीवर ठेवली होती. मी त्यांच्याकडे तिरक्या नजरेने बघत होते. रंग थोडा उडालेला होता. डोक्यात बहुतेक स्टूलच चाललं असावं, ढगाएवढं उंच.

“सहा तास,” शेवटी ते म्हणाले. “विमानात सुई नेऊ देतात का गं?”

“विचारू तिकीटवाल्याला. कशाला?”

“हातात काम असलं म्हणजे वेळ जातो. खाली बघायला नको.” मग म्हणाले, “सहा तासांत झबली किती होतील?”

“भीती वाटली नाही तर चार होतील,” मी म्हटलं. “वाटली तर एकही नाही.”

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. एक विमान नुकतंच उडालं होतं आणि घरांच्या गच्च्यांवरून तिरकं वर चाललं होतं. ते दिसेनासं होईपर्यंत मास्तर त्याच्याकडे बघत राहिले, आणि मग त्यांनी माझा हात धरला.

“मग दोन धर,” ते म्हणाले.